दूध बाधतं, मग ताकही सोडायचं का?

नमस्कार मॅडम,

मी साताऱ्याची, वय ४६. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आठवडाभर जुलाबांनी आडवी झाले होते. तेव्हापासून दूध घेतलं की तासाभरात पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी कधी धावतच जावं लागतं. तीन महिन्यांपूर्वी दूध सोडलं आणि भीतीपोटी दही, ताक, तूपही. आमच्या वहिनी म्हणतात, दूध हे माणसाचं अन्नच नाही, सगळ्या घरानं सोडा. सोडवत नसेल तर निदान ए-टू दूध आणा. सासूबाई ७४ वर्षांच्या. त्यांना रात्री पेलाभर हळद-दूध लागतंच, आणि दुधावाचून माझी हाडं ठिसूळ होतील म्हणून त्या रोज काळजी करतात. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात शिकते. तोंडावर मुरमं येतात म्हणून मोबाइलवर बघून तिनंही दूध, दही, पनीर सगळं बंद केलंय. जिममध्ये सांगितलेला प्रोटीनचा डबा मात्र चालू आहे. मी बदामाच्या दुधाचा एक लिटरचा खोका आणला, पावणेतीनशे रुपयांचा. चहात घातला तर फाटला. आम्ही शाकाहारी आहोत, अंडीही नाही. मला थायरॉइडची गोळी आहे. हल्ली तळपायांना मुंग्या येतात, पण ते वयामुळे असेल.

घरातलं दूध बंद करू का? त्याऐवजी काय आणू? आणि कोजागिरीला दरवर्षी आमच्या गच्चीवर सगळी भावकी जमते. यंदा मी नुसती बघत बसू का?

– एक वाचक, सातारा

ताई,

मुंग्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथूनच सुरुवात करणार आहे. दूध का बाधतं हे शोधायला आपल्याला महिनाभर लागला तरी बिघडत नाही. मुंग्यांना तेवढा वेळ देऊ नका.

बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यांत, भाज्यांत, डाळींत भरवशानं मिळत नाही. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं एवढ्याच वाटेनं ते आपल्या ताटात येतं. म्हणजे तुमच्यासारख्या घरात सगळी भिस्त दुधावर. शरीर त्याचा साठा यकृतात करून ठेवतं आणि तो बराच काळ पुरतो, त्यामुळे तीन महिन्यांत तो संपला असेल असं मला वाटत नाही. मला शंका वेगळीच आहे: साठा आधीपासूनच तळाला गेलेला असावा, आणि जे थोडंफार येत होतं तेही आता थांबलं. आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत, दूध पिणाऱ्यांतसुद्धा, बी-१२ कमी निघणं हे मी रोज बघते. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. बी-१२, हिमोग्लोबिन, रक्तातली साखर आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या, कारण मुंग्या साखरेनं किंवा थायरॉइडनंही येतात. रक्त देण्याआधी बी-१२ ची गोळी मात्र सुरू करू नका, आकडा फसवा येतो.

हे मी इतक्या निकडीनं का सांगते त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी साठी उलटल्यावर कफ होतो म्हणून दूध, दही सगळं सोडलं. कुणीतरी सांगितलं, त्यांनी ऐकलं. दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. वय झालं, असं ते म्हणाले आणि आम्हीही तेच म्हटलं. मी याच क्षेत्रात काम करत असून मलाही ते वयाचंच वाटलं. अंधारात चालताना तोल जायला लागला तेव्हा कुठे रक्त तपासलं. इंजेक्शनं घेऊन चालणं सुधारलं, पण पायाच्या बोटांचा बधिरपणा शेवटपर्यंत राहिला. नसांना झालेली इजा वेळेत धरली तर भरून येते, उशीर झाला की काही भाग तसाच राहतो. म्हणून ‘वयामुळे असेल’ हे शब्द पत्रात वाचले की माझं पुढचं वाचणं थांबतं.

आता दुधाकडे येऊ.

दुधात एक साखर असते, लॅक्टोज. १०० मिली दुधात साधारण पाच ग्रॅम, दूध गाईचं असो की म्हशीचं. ती पचवण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य तयार होतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, पण जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत ते बाळपणानंतर कमी कमी होत जातं. भारतात वायव्येकडे दूध पचवणारी माणसं जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकत जावं तशी कमी. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू होतो, साखर पाणी ओढून घेते, आणि मग तुम्ही लिहिलंय तेच सगळं: पोट डब्ब, गुडगुड, धावाधाव. हा रोग नाही. बहुसंख्य माणसांचं शरीर असंच घडलेलं आहे.

तुमच्या बाबतीत जुलाबांचा मोठा हात असू शकतो. अशा आजारात आतड्याचं अस्तर खरवडल्यासारखं होतं आणि लॅक्टेज त्याच अस्तराच्या टोकाशी असल्यानं सगळ्यात आधी तेच जातं. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं. तुमचं वर्षभर लांबलंय, म्हणजे एक तर लॅक्टेज आधीपासूनच बेताचं होतं आणि त्या आजारानं ते उघडं पडलं, किंवा जिआर्डियासारखा एखादा परजीवी आतड्यात अजून ठाण मांडून आहे. शौचाच्या साध्या तपासणीत तो सापडू शकतो, म्हणून रक्ताबरोबर तीही करून घ्या. आणि वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं, तर दुधाचा विचार बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. पंचेचाळिशीनंतर पोटाची सवय बदलली तर ते तपासावंच लागतं.

दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. ती दुधातल्या प्रथिनांची असते, साखरेची नव्हे. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, उलट्या होतात, आणि कधी कधी जिवावर बेततं. ती बहुधा तान्हेपणी दिसते. त्या माणसाला तूपही विचारून द्यावं लागतं, आणि गाईऐवजी शेळीचं दूध हा त्याच्यावर उपाय नाही, कारण दोन्हींची प्रथिनं फार सारखी असतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, त्यामुळे तुम्हाला दुधाचा थेंबही वर्ज्य करायचं कारण दिसत नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुमचं तेच झालंय, आणि त्यातलं निम्मं नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

दूध, दही, ताक, तूप, खवा ही नावं आपण एका दमात घेतो, पण लॅक्टोजच्या हिशेबानं ती पाच वेगळी माणसं आहेत. विरजण लागलं की त्यातले जिवाणू लॅक्टोज खाऊन त्याचं आम्ल करतात. दही आंबट होतं ते त्यामुळेच. शिवाय हे जिवाणू स्वतःचं लॅक्टेज बरोबर घेऊन पोटात येतात आणि उरलेली साखर पचवायला हातभार लावतात. म्हणून दुधाचा पेला ज्यांना चालत नाही त्यांतल्या पुष्कळांना वाटीभर दही सहज चालतं. ताकात पाणी घातलेलं, म्हणजे आणखी हलकं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, ते तुम्ही विनाकारण सोडलंत. आजच्या वरणभातावर घ्या. पनीर आणि चक्का यांतलं पाणी निथळून गेलेलं असतं, त्याबरोबर बरंच लॅक्टोजही जातं. दूध ज्यांना फारसं पचत नव्हतं अशा आपल्या कितीतरी पिढ्या या विरजणाच्या जोरावर दूधदुभतं खात आल्या. जेवणाच्या शेवटी ताक-भात असतो तो काही उगाच नाही.

उलट दिशेला खवा आणि दुधाची पावडर. खव्यात दूध आटून आटून साखर दाट झालेली असते, आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या पावडरीत तर निम्म्याच्या आसपास लॅक्टोज असतं. पेढे, बासुंदी, आइस्क्रीम, बेकरीचा माल, काही पाकीटबंद मसाले, इतकंच काय बाजारातलं गोड दही यांत ही पावडर लपलेली असते. बाजारचं दही बाधलं म्हणून घरचंही बाधेल असं नाही. रात्री लावलेलं, सकाळी नीट आंबट झालेलं घरचं दही घ्या.

आणखी एक शक्यता लक्षात असू द्या. तुमच्याकडे म्हशीचं दूध येत असेल तर त्यात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो. काहींना बाधते ती ही चरबी, लॅक्टोज नव्हे. साय काढलेलं दूध चाललं आणि सायीचं नाही चाललं, तर तसं समजा.

घरच्या घरी हे पडताळायला तीन-चार आठवडे द्या. पहिले दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम, पावडर घातलेलं काहीही नको, दही-ताकही नको, तूप चालेल. एवढ्यानं पोट शांत झालं नाही तर दोषी दूध नाही, हे इथेच कळलं. शांत झालं तर तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या नाश्त्याऐवजी २०० मिली साधं दूध प्या आणि दुपारपर्यंत काय होतं ते वहीत लिहा. त्रास बहुधा अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत कळतो. मग दोन दिवस सोडून अर्धा कप दूध जेवणानंतर. पुन्हा दोन दिवस सोडून वाटीभर दही. मग ताक. प्रत्येकाची वेगळी नोंद. मोठ्या शहरांत यासाठी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी होते, पण वहीनं काम भागलं तर तो खर्च कशाला?

लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक माणसांना एका वेळी बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसा त्रास होत नाही. रिकाम्या पोटी तेवढंच दूध त्यांना छळतं. तुमची मर्यादा कपभर आहे, पाव कप आहे, की फक्त चहापुरती, हे वही सांगेल. आपल्या चहाच्या कपात ४०-५० मिली दूध असतं, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम लॅक्टोज. बहुधा तुमचा चहा वाचेल.

थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यानं घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास चहाही नको. दूध, सोया आणि कॅल्शियम तिन्ही त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. पुढे डॉक्टरांनी कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी दिली तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. घरात सोया दूध रोज सुरू केलंत तर सहा-आठ आठवड्यांनी थायरॉइड पुन्हा तपासून घ्या, कदाचित गोळीचा डोस बदलावा लागेल.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांना घराची काळजी आहे, ती दिसते. पण दूध विष आहे आणि त्यानं हाडातलं कॅल्शियम उलट झिरपून जातं, असं जे फिरतं त्याला आधार नाही. दुधानं कफ वाढतो हेही प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही; दूध लाळेत मिसळून घशाला जो दाटपणा येतो तो कफासारखा भासतो, एवढंच. ए-टू चं म्हणाल तर, दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाच्या साखळीत एका जागी फरक असतो, त्यावरून ए-वन आणि ए-टू ही नावं पडली. देशी गाई बहुतांशी ए-टू, म्हैस तर ए-टूच. लॅक्टोज दोन्हींत सारखंच. तुम्हाला लॅक्टोज बाधत असेल तर दुप्पट पैसे देऊन तीच साखर पोटात जाईल. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये याचा आढावा घेतला तेव्हा ए-वन दुधाचा आजारांशी कार्यकारण संबंध सापडला नव्हता. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनंही ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटावरचे हे दावे काढून टाकायला सांगितलं होतं, पण काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. त्यामुळे तुमच्या दुकानात ते शब्द अजून दिसतील. शेजारच्या गोठ्यातलं देशी गाईचं दूध आवडतं म्हणून घ्या, औषध म्हणून नको. आणि कुठलंही दूध उकळूनच. धारोष्ण दुधाचं कौतुक साताऱ्या-कोल्हापुराकडे फार, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात.

सासूबाईंचं हळद-दूध चालू राहू द्या. त्यांना पचतं, आवडतं, झोपही लागते. त्यांच्या वयाला रोज १२०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं आणि त्यातला चांगला वाटा त्या एका पेल्यातून येतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो पेला घरच्यांच्या नियमासाठी काढून घेणं मला बरोबर वाटत नाही. त्यांचं ड जीवनसत्त्व मात्र तपासा. घरात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत ते कमी निघतंच, आणि त्यावाचून दुधातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही.

मुलीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात सगळ्यात जास्त काळजी मला तिची वाटते.

तिनं दूध सोडलं आणि डबा ठेवला. त्या डब्यावर ‘व्हे’ असा शब्द आहे का, ते तिला बघायला सांगा. व्हे म्हणजे चीज किंवा पनीर काढल्यावर उरणारं पाणी, आपली निवळी, वाळवून केलेली पावडर. म्हणजे ते दूधच, आणि घट्ट केलेलं. व्यायाम करणाऱ्या मुलामुलींना व्हे सुरू केल्यावर मुरमं वाढल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. दूध आणि मुरमं यांचा संबंध लोकसंख्येच्या काही पाहण्यांत दिसतो, साय काढलेल्या दुधाशी जरा जास्त, पण तो पक्का सिद्ध नाही. साखर आणि मैद्याविषयीचा पुरावा त्याहून बळकट आहे. तेव्हा तिला सांगा: आधी डबा बंद, मग कोल्ड कॉफी, बेकरी आणि गोड पेयं कमी, आणि हे आठ-दहा आठवडे करून बघ. दही, ताक परत सुरू कर. तरीही फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मुरमांवर चांगली औषधं आहेत, डाग पडेपर्यंत थांबू नये. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

तिचं मत पक्कं असेल आणि तिला दूधदुभतं नकोच असेल, तर तो तिचा निर्णय आहे, भांडू नका. तिच्याकडून दोन गोष्टींचा शब्द घ्या. एक, डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी, न चुकता, कायमची. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीवर किंवा आंबवलेल्या इडलीवर विसंबून चालत नाही. दुसरी, कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार ते तिनं ठरवायचं. हाडं पंचविशी-तिशीपर्यंत भरत जातात, या वयात राहिलेलं पुढे भरून काढता येत नाही. मेसची उसळ दुप्पट घे, खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेव, खोलीवर सोया दुधाचा खोका ठेव. एवढं तिला जमण्यासारखं आहे.

आता तुमचा पावणेतीनशेचा खोका. मागची बाजू वाचा. पहिला शब्द पाणी असेल, आणि बदाम कित्येक खोक्यांत शंभरात दोन-चार भागच असतात. प्रथिनं १०० मिलीला अर्धा-एक ग्रॅम. गाईच्या दुधात ती तीनच्या वर असतात. ते बदामाच्या चवीचं पाणी आहे, दुधाची जागा ते घेत नाही. म्हणून तर एफएसएसएआयनं अशा पेयांवर ‘दूध’ हा शब्द छापायला मनाई केलेली आहे. खोक्यावर ‘पेय’ लिहिलेलं दिसेल, दूध आपण बोलताना म्हणतो. प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या जवळ जातं ते मुख्यतः सोयाचं, १०० मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास. ओटचं चहात छान लागतं, पण त्यात पिष्टाची साखर झालेली असते, मधुमेहाच्या माणसानं जपून. नारळाचं दूध सोलकढीला, आमटीला उत्तम. कॅल्शियमसाठी ते कामाचं नाही आणि स्निग्धांश भरपूर. खोका घ्यायचाच तर तीन गोष्टी बघा: वरून साखर घातलेली नसावी, प्रथिनं तीन ग्रॅमच्या जवळ असावीत, आणि वरून कॅल्शियम घातलेलं असावं, १०० मिलीला १२० मिग्रॅच्या आसपास, म्हणजे गाईच्या दुधाइतकं. हे कॅल्शियम तळाशी बसतं, त्यामुळे ओतण्याआधी दर वेळी खोका जोरात हलवा. ‘लॅक्टोज-फ्री’ आणि ‘डेअरी-फ्री’ यांतला फरकही ध्यानात ठेवा. पहिलं दूधच असतं, फक्त साखर फोडलेली; ॲलर्जीवाल्याला ते चालणार नाही.

चहात फाटलं ते उकळत्या चहाचा ताप आणि आंबटपणा या प्रथिनांना सोसत नाही म्हणून. आलं घालून चहा पाण्यातच पूर्ण होऊ द्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, आणि वेगळं कोमट केलेलं पेय वरून घाला.

घरी करून बघायचं असेल तर शेंगदाण्याचं दही मला सगळ्यांत आवडतं. वाटीभर दाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाणी घालून गंधासारखं वाटायचं, गाळायचं. मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवायचं, खाली फार लवकर लागतं. कोमट झालं की धुतलेल्या हिरव्या मिरच्यांचे सहा-सात देठ त्यात सोडून उबेला ठेवायचं. पहिलं दही जरा सैल होतं, त्याचंच विरजण लावलं की दुसरं छान लागतं. काकडीच्या कोशिंबिरीत कुणाला कळतही नाही. पण कॅल्शियम त्यात थोडंच, आणि बी-१२ अजिबात नाही.

ज्यांच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांच्यासाठी एवढंच: यातलं कुठलंही पेय बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. आईचं दूध, आणि काही अडचण असेल तर बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं.

आता हाडांचं, ज्याची सासूबाईंना काळजी आहे. तुम्हाला आज रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. पाळी गेल्यावर १२००. तुमच्याच भागातल्या ताटात ते कसं बसतं बघा. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दिवसाला नाचणीच्या दोन भाकऱ्या झाल्या की जवळजवळ तेवढं. पीठ सालासकट हवं. सत्त्व करताना गाळून जो कोंडा टाकतो त्याच्याबरोबर बरंच कॅल्शियम जातं. न सोललेल्या तिळाची चटणी दोन मोठे चमचे, शंभर-सव्वाशे. शेवग्याच्या पाल्याची मूठ-दोन मुठी भाजी, दीडशे. हुलग्याचं पिठलं किंवा माडगं, ऐंशीच्या पुढे. यात दोनशे ग्रॅम दह्याचं ताक आलं की अडीचशे वाढले, आणि हिशेब हजाराच्या जवळ जातो. ताक काढलंत तर मात्र खड्डा पडतो, तो खोक्यानं किंवा गोळीनं भरावा लागेल. म्हणून मी ताकासाठी इतकी आग्रही आहे. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी फार थोडं लागतं. घरात कुणाला मुतखडा झालेला असेल तर बदामाचं दूध आणि पालकाचा रस या ऑक्झलेटवाल्या गोष्टींचा मारा नकोच.

राहिली कोजागिरी. तुम्ही नुसत्या बघत बसणार नाही. दूध आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज तेवढंच राहतं. लिटरचं अर्धा लिटर केलंत तर प्रत्येक वाटीत ते दुप्पट होतं. त्यामुळे भावकीच्या मोठ्या पातेल्यातलं दूध तुमच्यासाठी नाही. तुमचं छोटं पातेलं वेगळं ठेवा, त्यात लॅक्टोज-फ्री दूध. आटवायची गरज नाही, भिजवलेले आठ-दहा काजू वाटून लावले की दाटपणा येतो. केशर, वेलची, जायफळ, चारोळी नेहमीसारखं. या दुधातलं लॅक्टोज आधीच फोडून ठेवलेलं असतं, आणि फुटलेल्या साखरा मूळ लॅक्टोजपेक्षा जास्त गोड लागतात. तेव्हा साखर घालायच्या आधी एक चमचा चाखून बघा, नेहमीच्या निम्मी पुरेल.